दोन कटर आणि मूठभर तूर

बागेतली मोसंबीची निम्मी झाडं वाळली तेव्हा ती तोडून लाकूड करायचं ठरलं. घरात गॅस आहे, पण अंघोळीचा बंब आणि भाकरीची चूल अजून लाकडावरच चालते. दिवाळीनंतर नवरा रोज सकाळी कटर घेऊन बागेत जाऊ लागला. कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. आमचं कटर जुनं होतं. हँडलखालचे रबर कधीच झिजून गेले होते. चालू केलं की नवऱ्याचे गालसुद्धा थरथरायचे.

पौषात त्याच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आमच्याकडे हा शब्द फार स्वस्त आहे. मांडी घालून पाय झोपला तरी मुंग्या, आणि अंगावरून वारं जायची सुरुवात असली तरी मुंग्याच. त्यामुळे ऐकून कुणी दचकत नाही. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, कापूर घातलेलं तेल चोळलं आणि म्हणाल्या, "साखर सांडली असंल हातावर. मंग मुंग्या येनारच." मीही हसले. त्या हसण्यात दोन आठवडे गेले, याचा मला अजून राग येतो.

एका सकाळी तो शर्टाच्या गुंड्या लावत होता. एक गुंडी लागेना. मी भांडी घासून आले तरी तो तिथंच उभा, त्याच गुंडीशी झटत. बोटांची टोकं खडूसारखी पांढरी. मी गुंडी लावली आणि त्याच शर्टावर त्याला जालन्याला नेलं.

डॉक्टरांनी आधी रक्तातली साखर बघितली. ती बरोबर निघाली. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर हातात काय असतं?"

"काय न्हाई," नवरा म्हणाला. "कटर."

हादऱ्यानं बोटांतल्या नसा खराब होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. कटर सोडलं तर उत्तम. सुटतच नसेल तर कमी हादऱ्याचं घ्या, थोडा वेळ चालवा, हात गरम ठेवा. आणि अंगावर काढू नका, एकदा गेलेली जाणीव परत येईलच असं नाही.

परतीच्या वाटेवर बदनापूरला कटर दुरुस्त करणाऱ्याकडे थांबलो. त्याच्याकडे एक नवीनसारखं कटर विकायला आलं होतं.

"वहिनी, चार दिवस घेऊन जा," तो म्हणाला. "रबर, स्प्रिंग, सगळं बराबर हाय."

नवऱ्यानं ते उचलून बघितलं. "प्लास्टिक हाय सगळं. जत्रंतलं खेळणं."

"भाऊ, तुमचं लोखंडाचं हाय हे खरं. पण बोटं तर लोखंडाची न्हाईत ना."

घरी येईपर्यंत नवरा जुन्याचेच गुण गात होता. जुनं जास्त जाड खोड घेतं. जुन्याचा आवाज ओळखीचा आहे. नव्याची साखळी नाजूक आहे. मी ऐकून घेतलं. कापण्यात कोण चांगलं, हा माझा प्रश्नच नव्हता. बोटांचं काय होतं, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जुनं कटर अर्धा तास चालवलं. मी घड्याळ धरून बांधावर उभी. तो आला तशी परातीत मूठभर तूर टाकून त्याच्यापुढं ठेवली.

"डोळे मिटा अन् पाच दाणे उचला."

"येडी झाली का तू?"

"उचला म्हणते ना."

त्यानं डोळे मिटले, चिमटीनं एकेक दाणा उचलून डाव्या तळव्यावर ठेवत गेला. म्हणाला, "घे, पाच." तळव्यावर दोन होते. बाकीचे परातीतच राहिले होते, किंवा वाटेत गळाले होते, आणि त्याला कळलं नव्हतं. डोळे उघडून त्यानं तळवा बघितला. मग म्हणाला, "थंडी हाय."

तिसऱ्या दिवशी तीच वेळ, तेवढीच थंडी, हातात नवीन कटर. परात पुढं केली. या वेळी चार.

"बघ," तो म्हणाला. "एकच चुकला."

मला ते चारही पटले नाहीत. चौथ्या दिवशी मी कटरला हातच लावू दिला नाही. उठल्याउठल्या, चहाच्या आधी, परात. आत्याबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं, त्याला च्या तरी पिऊ दे. दाणे वेचायला काय कोंबडं हाय का ते?"

पुन्हा चारच. म्हणजे नव्यानं काही बिघडवलं नव्हतं. एक दाणा आधीच गेलेला होता, आणि तो जुन्यानं नेला होता.

त्याच दुपारी जुनं कटर गाडीला बांधलं. नवरा म्हणाला, "एकदा चालू तर करू दे. शेवटचं."

"कशाला?"

जुनं बदनापूरला गेलं, नवीन घरी राहिलं.

पण एवढ्यानं मला स्वस्थता आली नाही. नवीन हलकं, म्हणून तो जास्त वेळ चालवणार, हे मला दिसत होतं. मग ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन मी स्वयंपाकघरात आणून ठेवला. सकाळी मापानं टाकी भरून द्यायची, ती संपली की काम बंद. पहिले चार दिवस नीट गेले. मी भाकऱ्या थापताना कान बागेकडं. आवाज बंद झाला की हाताला वेग यायचा.

पाचव्या दिवशी आवाज बंद झाला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी निघाले.

"पेट्रोल कुठून आणलं?"

"गाडीतलं काढलं." मग घाईनं, "ऑइल टाकलंय बराबर. मशीन खराब न्हाई व्हायची."

मशीनची काळजी घेतली होती त्यानं. बोटं पुन्हा पांढरी होती. मी कटर बंद केलं आणि त्याच्या हातातून घेतलं. त्यानं ओढून धरलं नाही. दोन्ही हात काखेत घालून तो उभा राहिला.

"तुझ्यानं चालू करायची दोरी न्हाई ओढवायची," तो म्हणाला.

दोनदा ओढली, नाही झालं. तिसऱ्यांदा झालं.

"पाय मागं घे! मागं! टोकानं नको लावू, उसळतंय ते!" तो ओरडत होता. त्याचं सगळं ऐकून मी समोरची फांदी कापली. वाकडी कापली गेली, पण गेली.

आता रोजची टाकी आम्ही अर्धी अर्धी वाटून घेतो. माझ्या वाटणीच्या वेळी तो ओरडतो, त्याच्या वाटणीच्या वेळी मी बांधावर उभी असते. अकरा झाडं राहिलीत. बोटं अजून पांढरी पडतात, पण लवकर लाल होतात. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय.