कौसाआत्यानं बांधलेल्या नावा

फोन आला तेव्हा मी परभणीच्या माझ्या शिलाईच्या दुकानात शाळेच्या गणवेशांना काजं करत बसले होते. पलीकडून संगीता, माझ्या आत्येभावाची बायको, बोलत होती. म्हणाली, "ताई, आई गेल्या. चहा घेऊन ओट्यावर बसल्या होत्या... बसल्या जागीच." मी मशीन बंद केली, शेजारच्या दुकानात किल्ली दिली आणि पालमची गाडी धरली. त्याला आता महिना उलटून गेला. रडून झालं, भेटायला येणारे येऊन गेले. आता आत्याविषयी शांतपणे लिहिता येईल असं वाटतंय.

कौसाबाई माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पालम तालुक्यात गंगेच्या काठी, म्हणजे आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, तिथल्या सुताराच्या घरात तिला दिलेली. तिच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा वखरं-तिफणी अशी शेतीची अवजारं करायचे, पण त्यांची ख्याती होती ती मासेमारांच्या होड्यांसाठी, आमच्याकडच्या बोलीत नावांसाठी. चिंचेखाली पत्र्याची शेड होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले की तिथं कुठली तरी नाव अर्धी उभी असायचीच. आधी तळाच्या फळ्या, मग त्यांच्यावर बाभळीच्या वाकड्या लाकडाच्या फासळ्या, आणि मग बाजूच्या लांब फळ्या, भिजवून, शेकून, हळूहळू वाकवत आणलेल्या. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत कापसाची वात ठोकून बसवायची आणि वरून तेलात कढवलेली राळ भरायची, हे काम आत्याचं. फळ्या मामांच्या, फटी आत्याच्या, अशी त्यांची वाटणी होती आणि त्यात कधी बदल होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

मग एका पावसाळ्यात मामांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. शेडमध्ये गणपतरावांची नाव अर्धवट होती. गणपतराव गावातले जुने मासेमार, मामांचे दोस्त. ते भेटायला आले, खाटेपाशी बसले, आणि उठताना अवघडून म्हणाले, "नावंची फिकीर करू नका. मी बघतो दुसरीकडं."

आत्या दारातूनच म्हणाली, "दुसरीकडं कशाला? फळ्या कापून ठेवलेल्या हायत."

"बसवणार कोण, वहिनी?"

"मी."

गणपतरावांनी मामांकडं पाहिलं. मामांनी भिंतीकडं तोंड केलं. मग गणपतराव म्हणाले, "बांधा मग. पण पहिल्या दिवशी तुमी नावंत बसायचं."

आत्याला पोहता येत नव्हतं. इतकी वर्षं नावांच्या फटी बुजवूनही ती कधी नावेत बसली नव्हती. तरी ती म्हणाली, "बसते."

मामांना ते पटलं नाही. त्यांनी दिवसचे दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. आत्यानं शेजाऱ्याच्या मदतीनं त्यांची खाट शेडमध्ये आणून ठेवली. "बोलू नका, पण बघा तरी," एवढंच म्हणाली. ती फळी लावायची, मामा बघायचे. काही चुकायला लागलं की ते डाव्या हातानं खाटेचा लाकडी माचवा वाजवायचे. आत्या थांबायची, फळी काढायची, पुन्हा लावायची. आवाज झाला नाही तर पुढं जायची. हळूहळू तेच त्यांचं बोलणं झालं... शेजारच्या बाया म्हणायच्या, धडधाकट होते तेव्हासुद्धा ही दोघं एवढं बोलत नव्हती.

नाव पाण्यात घातली त्या दिवशी मीही काठावर होते. आत्या पदर कमरेला खोचून मधल्या फळीवर बसली, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. गणपतराव वल्हवत निघाले. पात्राच्या मध्यापर्यंत जातात तोच नाव वळली आणि परत यायला लागली. पुढच्या टोकाजवळून पाणी येत होतं. काठाला लागेपर्यंत आत्याचे पाय घोट्यापर्यंत बुडाले होते. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "बाईचं काम, दुसरं काय." आत्या ओल्या लुगड्यानिशी खाली उतरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज नेहमीसारखा होता. "चुकलं माझं," ती गणपतरावांना म्हणाली. "त्या फळीला ह्यांनी माचवा वाजवला होता. घाईत मी ऐकलं न्हाई. परत खोलते."

गणपतरावांनी त्या वेळी नाव सोडून दिली असती तर कुणी त्यांना बोल लावला नसता. ते फक्त एवढंच म्हणाले, "खोला. मी थांबतो."

दुसऱ्यांदा नाव पाण्यात गेली तेव्हा मामांनी हातानं खूण केली, मलाही न्या. दोघांनी त्यांना उचलून नावेत पुढच्या टोकाशी बसवलं. आत्या त्यांना टेकून बसली. मध्यावर गेल्यावर मामांनी डावा हात खाली नेला, आणि त्या टोकाच्या फळीवरून, सांध्यावरून, सावकाश फिरवला. मग जड जिभेनं एकच शब्द म्हणाले, "कोरडी." त्यापेक्षा चांगलं आपल्याला जिंदगीत कुणी काही बोललं नाही, असं आत्या शेवटपर्यंत सांगायची.

त्यानंतर मामा बरीच वर्षं त्या खाटेवर होते आणि आत्या नावा बांधत राहिली. ते गेल्यावरही तिनं हत्यारं खाली ठेवली नाहीत. बाजारात फायबरच्या तयार नावा आल्या, काही जणांनी त्या घेतल्याही. आत्या कुणावर रुसली नाही. पण तिच्याकडं जो येई त्याला ती आधी जमिनीवर बसवायची, जाळं टाकायला लावायची आणि सुतळीनं त्याचं माप घ्यायची. युनूसभाईंचा एक पाय लहानपणापासून अधू. त्यांच्या नावेची डावी कड तिनं खाली घेतली, टेकायला आडवी फळी दिली. सुमनबाईचा नवरा वारल्यावर ती स्वतः जाळं घेऊन निघाली, तिच्या बेतानं आत्यानं हलकी, निमुळती नाव केली. "तू झंपर शिवती ना, तसंच हाय बघ," मला म्हणायची, "अंगाला झाला न्हाई तर माणूस दिवसभर अवघडून बसतंय."

संगीता सून म्हणून आली ती सेलूकडच्या कोरडवाहू गावातून. नदीला घाबरायची. आधी ती नुसत्या वाती वळत बसायची, मग फळ्या धरायला लागली, मग लावायला. आत्येभाऊ मारोती मोटारींच्या कामात रमलेला. शेड ह्या दोघींचीच झाली. त्या आपसात भांडायच्या, हसायच्या, आणि एकाच ताटात जेवायच्या.

राख गंगेत सोडायची होती त्या सकाळी मारोती मडकं घेऊन काठावर आला आणि तसाच उभा राहिला. आजूबाजूच्या गावांतून नावा आल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. जुन्या, नव्या, डांबरानं काळ्या झालेल्या, सगळ्या तिनं बांधलेल्या. युनूसभाई म्हणाले, "कुनाच्याबी नावंत बस बाबा, सगळ्या तिच्याच हायत." मारोती सगळ्यांत जवळच्या नावेत बसला. बाकीच्या मागून निघाल्या. पाण्यावर वल्ह्यांचा तेवढा आवाज होता. मला त्या दिवशी खूप रडू येईल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. तिच्या नावांमध्ये इतकी माणसं तरंगत होती...

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. फाट्यावरून चालत येतानाच ठोकण्याचा आवाज कानावर आला. शेडमध्ये एक नवी नाव उभी होती, खालच्या गावातल्या दोन बहिणींची. संगीताच्या हातात आत्याची वाती ठोकायची लाकडी मोगरी होती. वापरून वापरून तिची मूठ एका बाजूनं झिजलेली, आत्याच्या बोटांच्या खुणा पडलेली. संगीताचा हात लहान, तिला ती नीट बसत नाही. मी म्हटलं, नवी मूठ करून घे. ती म्हणाली, "करनार होते. पन आता हाताला सवय व्हायली." मग मान वर न करताच म्हणाली, "ताई, आधी पानी प्या. मग ती फळी तिकडून जरा धरा, लय नाटाळ हाय."

मी पाणी प्याले, पदर खोचला आणि फळी धरली.