सिंगापूरची नदी आणि पदरभर मोगरा

सिंगापूरला जायचं ठरवलंत ना, मग पायात मऊ चपला घाला, पिशवीत छत्री ठेवा. बाकी सगळं तिथे मिळतं. सांगतेय ती वाईची चौथी शिकलेली बाई, पण सिंगापूर बघून आलेली! नव्वद सालानंतरची गोष्ट. एमआरटी, म्हणजे तिथली लोकल गाडी, तेव्हा नुकतीच लेकीच्या सेम्बावांगपर्यंत आली होती.

हौसेनं गेले नव्हते. माझे जावई अविनाश जहाजावर इंजिनिअर. भर समुद्रात छातीत कळ आली आणि गेले. माझी सुनंदा सात महिन्यांच्या चिऊला घेऊन सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये एकटी. तिथे राहायचा तिचा पास नवऱ्याच्या नोकरीवरचा, तो आता संपणार होता. दोघींना घरी आणायचं म्हणून मी निघाले. विमानात डोळे पुसत होते, आणि मधेच हसू यायचं, कारण नात मी अजून पाहिलीच नव्हती!

विमानतळावर सुनंदानं तिला माझ्या कडेवर दिलं. चिऊनं माझं नाकच धरलं. अगं बाई, काय सांगू!

शहर कसं, तर अंगणासारखं झाडलेलं. रस्त्यावर दोन्हीकडून झाडांची सावली, पुलांवरून बोगनवेल लोंबतेय. गाडीत काही खायचं नाही, दंड होतो. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या एका छपराखाली असतात तिथे, इडली स्वस्त मिळते. चहा डब्यातल्या घट्ट दुधाचा, माझ्या जिभेला गोडमिट्ट.

तेरावं झालं. जावयांच्या फोटोच्या हाराचं निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं? आम्ही कृष्णेत सोडतो. म्हटलं, सुनंदा, मला नदीवर ने. नदी बघून जीव सुखावला. काठाला जुन्या रंगवलेल्या बुटक्या वखारी, मागे उंचच उंच इमारती, आणि पाण्यावर एक पान नाही. आमच्या कृष्णेला कुणी असं जपेल का? पायऱ्या उतरून मी फुलं सोडली, हात जोडले.

डोळे उघडते तो एक चपटी होडी आली. त्यातल्या माणसानं लांब दांड्याच्या जाळीनं फुलं उचलली, काळ्या पिशवीत घातली आणि म्हणाला, "आंटी, कॅनॉट लाह! रिव्हर मस्ट क्लीन!"

रागावला नव्हता तो. पण सुनंदा तिथेच पायरीवर बसली आणि रडली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

मग म्हणाली, "आई, मी येत नाही."

"म्हणजे?"

"एका शिपिंग ऑफिसात नोकरी मिळतेय. पास देतील, पण माझ्या एकटीचा. एवढ्या पगारावर चिऊला ठेवता येत नाही."

"आणि पोरगी?"

"तू ने."

"शुद्धीवर आहेस का? अंगावर पिते ती!"

"मग सासरी जाऊन काय करू? मोकळ्या कपाळानं स्वयंपाकघराच्या दारात बसू? पायावर उभी राहते आणि तिला परत आणते. तोवर सांभाळ ना गं."

मी पदरानं तिचे डोळे पुसले. लेकीसाठी जीव तुटत होता. आणि त्याच जिवाला, नात माझ्या घरी येणार म्हणून आनंदही. दोन्ही एकदम होतं हो माणसाला.

मोगरा हवा असेल तर लिटल इंडियात जा, ताजा मिळतो. आम्ही पदरभर घेतला. फुलवालीनं गजरा पुढे केला, हसून विचारलं, "वेडिंग, अम्मा?" सुनंदानं नाही म्हणून मान हलवली, म्हणाली, "गजरा नको, सुटी फुलंच द्या." दूध आटायला आमच्याकडे छातीला मोगरा बांधतात. घरी मीच बांधला, वरून जुनं लुगडं घट्ट आवळून. चिऊ वास आला की आईकडे झेपावायची, आणि सुनंदा भिंतीकडे तोंड करून बसायची. फ्लॅट नुसता घमघमत होता.

निघायच्या दिवशी विमानतळावर सुनंदा काचेपर्यंत आली. हात हलवला नाही तिनं, दोन्ही हात छातीवर दाबून उभी होती.

वाईला सगळे विचारायचे, कसं आहे सिंगापूर? मी भरभरून सांगायचे. शहर असावं तर असं, जरूर बघून या, आजही सांगते. रविवारी शेजारच्यांच्या फोनवर सुनंदाचा फोन यायचा. चिऊ बोलायला लागली ती माझ्याकडेच बघून "आई" म्हणायला लागली. कितीदा सांगितलं, मी आजी गं. पण घरात दुसरं कोण होतं?

एका रविवारी मी रिसीव्हर धरलेला, तर कडेवरच्या चिऊनं माझी हनुवटी स्वतःकडे वळवली आणि खणखणीत हाक मारली, "आई!"

पलीकडून सुनंदा म्हणाली, "मला म्हणाली ना गं ती?"

"हो," मी म्हटलं. "तुलाच."