धुरकट फोटोतला माणूस

‘चहा गरम आहे का, सर?’ असं विचारलं की सर कपाला बोट लावून म्हणायचे, ‘पॉइंट सेव्हन.’ सरळ हो नाही की सरळ नाही नाही.

वाघोलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते फझी सेट, म्हणजे धूसर कडांचं गणित, शिकवायचे. मी त्यांच्या लॅबचा असिस्टंट. स्क्रीनवर धुरकट फोटो लावून ते एखाद्या मुलाला म्हणायचे, ‘कपाळ कुठे संपतं नि केस कुठे सुरू होतात, रेघ मारून दाखव.’ पोरगं बिचारं रेघ मारायचं. सर म्हणायचे, ‘इतकी खात्री आमच्या कसबा पेठेत फक्त चुकीचा पत्ता सांगणाऱ्याला असते.’ मग समजावायचे, कडेचा ठिपका थोडा केसांचा असतो, थोडा कपाळाचा; हो की नाही विचारू नये, शून्य ते एकमध्ये किती ते विचारावं. असली वल्ली तुमच्याही पाहण्यात असेल. वैताग आणतात, आणि त्यांच्यावाचून करमतही नाही.

एका रविवारी परीक्षा विभागाच्या कपाटातून प्रश्नपत्रिका चोरीला गेल्या. कॅमेऱ्यात सापडला तो अर्धवट चेहरा, तोही पुसट. प्राचार्यांना ते गेटवरचे शिंदेमामा वाटले. फोटो साफ करायला सरांकडे आला, त्यापाठोपाठ मामाही लॅबच्या दारात.

‘सर, मी न्हाय त्यो. बारा वर्सं हाय हितं, टाचणी नेली न्हाय कधी. नोकरी गेली तर खायाचं काय?’

सरांनी तीन दिवस खपून रिपोर्ट दिला: मामांशी जुळणी पॉइंट सिक्स टू.

‘म्हणजे निम्म्याच्या वर,’ प्राचार्य म्हणाले, आणि दुपारी मामांच्या हातात काढून टाकल्याचं पत्र पडलं. सर डबा उघडून तसेच बसून राहिले. ‘अरे, मी किती ते सांगितलं. यांनी हो ऐकलं.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफचे ओळखपत्रावरचे फोटो त्याच प्रोग्रॅममध्ये घातले आणि यादी प्राचार्यांपुढे ठेवली. प्राचार्य स्वतः पॉइंट सिक्स फोर. सगळ्यात वर सर, पॉइंट सेव्हन वन.

‘मग काय, तुम्हाला काढू?’ प्राचार्य खवचटपणे म्हणाले.

‘काढा. मामांना परत घ्या.’ सरांनी खिशातून राजीनामा काढून यादीवर ठेवला.

मी दारात उभा होतो. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं हो त्यांच्या! मामा गेटवर परत आले, सर गेले. प्रश्नपत्रिका कोणी नेल्या, ते आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या फायली आवरायला घेतल्या. त्यांत मूळ यादी होती. प्राचार्यांना दिली त्यापेक्षा एका नावाने मोठी. पहिलंच नाव माझं. पॉइंट एट थ्री.

म्हणजे हा माणूस मला चोर समजत होता? आणि तरी माझं नाव खोडून स्वतः गेला?

लगेच फोन लावला. ‘सर, त्या रविवारी मी दिवसभर लोणी काळभोरला बहिणीकडे होतो. हवं तर तिला विचारा.’



‘मी तुला विचारलं होतं का?’ सर म्हणाले, आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधीच उचलला नाही.