ओल्या हाराखालचं चित्र

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या मखमलाबादच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत नुसता झेंडू... त्या ढिगांतून वाट काढत मी साफसफाईसाठी भिंतीवरच्या फ्रेमा उतरवत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, माझ्या लग्नाला तेव्हा आठेक वर्षं झाली होती.

त्यात माझ्या सासऱ्यांचं, दादांचं चित्र होतं. मी लग्न होऊन यायच्या आधीच ते गेले. त्यांचा धड एकही फोटो नाही, एका लग्नाच्या ग्रुप फोटोत आहेत तर तिथे नेमकी मान हललेली!

पण शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी एकदा त्यांना मळ्यात, बांधावर बसवून जलरंगात रंगवलं होतं. पांढरी टोपी, निळा सदरा, पायाशी फुलांची पाटी. सासूबाईंकडे दादांचा चेहरा म्हणून उरलं होतं ते एवढंच.

सासूबाईंचा एक नेम होता. पहाटे खुडलेल्या फुलांचा पहिला हार दादांना, मग बाकीचा माल बाजारात. फुलं टवटवीत राहावीत म्हणून त्यांच्यावर पाणी मारलेलं असायचं, त्यामुळे हार निथळतच फ्रेमवर चढायचा. आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुकच होतं.

त्या दिवशी फ्रेम खाली घेतली तर हाताला ओल लागली. मागचा पुठ्ठा फुगलेला... आणि निळ्या सदऱ्याचा रंग ओघळून खाली पाटीतल्या फुलांत उतरलेला. 

मग मी अतिशहाणपणा केला. (हा गुण माहेरून आणलेला.) मागचे बारीक खिळे काढले, पुठ्ठा काढला आणि म्हटलं, कागद सोडवून जरा उन्हात वाळवू. कागद काचेला घट्ट चिकटला होता... मी एका बाजूनं ओढला. दादांच्या उजव्या खांद्याचा बोटभर तुकडा काचेवरच राहिला.

सासूबाई मळ्यात होत्या. 'फ्रेम ढिली झालीय, नवी करून आणते' असा निरोप ठेवून मी ते सगळं जुन्या धोतरात गुंडाळलं आणि स्कूटर काढली.

शहरात मेनरोडच्या मागच्या गल्लीत एक फ्रेमवाले काका होते. त्यांनी आधी चित्र माझ्या हातातून काढून घेतलं. "ताई, आता बोट लावू नका. आणि ऊन तर बिलकुल नको, उरलेला रंगही उडेल."

आठ दिवस त्यांनी ते सावलीत, टीपकागदावर वाळवलं. मग काच आणि कागद यांच्यामधून बारीक दोरा हळूहळू फिरवून बाकीचं चित्र सोडवलं. काचेवरचा तुकडा जमेल तेवढा काढून जागेवर बसवला, तरी खांद्यावर एक पांढरा ओरखडा राहिलाच.

मी म्हटलं, तेवढं रंगवून द्या ना. काका म्हणाले, "मी रंग भरला तर तो माझ्या मनातला खांदा होईल. त्यांचा नाही."

कागद काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंटची पट्टी घातली. मागे हवा खेळावी म्हणून फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले. मोरीच्या भिंतीवर लावू नका, कोरड्या फडक्यानंच पुसा... सगळं समजावून सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "हार बंद. परत पाणी आत गेलं तर मलाही काही करता यायचं नाही."

घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. आईंना हार बंद करायला कुठल्या तोंडानं सांगायचं? कारण सांगायचं तर हेही सांगावं लागणार, की इतकी वर्षं त्यांच्याच हातानं दादा पुसले जात होते. ते मला जमणार नव्हतं.

म्हणून मी खोटं बोलायचं ठरवलं. "आई, चूक माझीच आहे. मी ओल्या फडक्यानं पुसायचे ना, ते पाणी आत गेलं. आता हारही नको, म्हणाले फ्रेमवाले."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू? आठ वर्सांत त्या फोटूला तू फडकं लावल्यालं मी तरी नाय बघितलं."

मला आधी हसू आलं, मग रडू. आणि मग सगळंच सांगून टाकलं... हाराचं पाणी, आणि मी ओढून फाडलेला खांदा.

 त्या चित्र मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी रोज मीच भिजवत व्हते त्यांना... जाऊ दे. उद्यापासून हार देवाला. ह्यांना हात जोडले तरी बास."

 त्यांनी त्या पांढऱ्या ओरखड्यावर, काचेवरूनच, अंगठा फिरवला.

"आणि तू रडू नको. तो खांदा तसा बी पाण्याची कावड वाहून वाहून सोललेलाच असायचा."

सासूबाईही आता नाहीत. चित्र हॉलमधल्या कोरड्या भिंतीवर आहे, पावसाळा संपला की मी फ्रेमच्या मागून हात फिरवून बघते.

चित्र वाचलं ते काकांमुळे, त्यांचे उपकार आहेतच. पण माझ्या हातून झालेली जखम त्या माउलीनं आपल्या नवऱ्याच्या अंगावरचीच करून टाकली आणि मला मोकळं केलं... त्याबद्दल त्यांना थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. आज म्हणते. थँक्यू, आई.