बुवांच्या आवाजाची कॉपी

ही गोष्ट सांगणं मी सहा वर्षं टाळलं. कानाला वायर लावून एकटेच काय ऐकता, असं बायको विचारायची तेव्हा जुनी भजनं म्हणून सांगायचो. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आता पंच्याहत्तरी उलटून गेली आहे, म्हणून लिहितो.

लालबागला आमचं भजन मंडळ होतं. मी झांज वाजवायचो. आमच्या बुवांनी गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली, पण नव्या चाली बांधणं सोडलं नाही. त्यांची एकच अट असायची, रेकॉर्डिंग करायचं नाही. ज्याला ऐकायचं त्याने समोर येऊन बसावं, म्हणायचे. बुवांच्या गळ्याला कुलूप आहे, अशी लोक चेष्टा करायचे. भजनाआधी माणसांत फिरून मोबाईल आत ठेवायला सांगणं हे माझं काम.

मग बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मुलगा त्यांना करी रोडच्या टॉवरमध्ये घेऊन गेला. मंडळ मोडलं. पुढे एक दिवस मोबाईलवर जाहिरात दिसली: कोकणातल्या जुन्या बुवांची भजनं, पेनड्राइव्ह घरपोच. यादीत आमच्या बुवांचं नाव होतं. हे त्यांना न विचारता केलेलं असणार, हे मला कळलं होतं. कळूनही मागवला.

त्यात परळच्या एका चाळीतल्या सत्यनारायणाचं भजन निघालं. बुवा जिवंत, तिकडे करी रोडला मुके बसलेले, आणि त्यांचा आवाज माझ्या कानात. मागे माझीच झांज. गजर चढत गेला आणि मध्येच थांबला. बुवांनी विचारलं, "कोण टेप करता काय रे?" लगेच दुसरा आवाज आला, "कोण नाय बुवा, मी बघितलंय."

तो आवाज माझा होता. मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी गुडघे दुखत होते, म्हणून बसल्या जागेवरून सांगितलं होतं.

विकणाऱ्याला फोन केला. हे बुवांना मान्य नव्हतं, काढून टाका, म्हणालो. तो शांतपणे म्हणाला की काका, आम्ही नसतो तर हे सगळं हवेत गेलं असतं. मी आवाज चढवला तेव्हा म्हणाला, "मग मागवताना नाही विचारलंत ते?" मी फोन ठेवला.

चार दिवसांनी सगळं सांगून टाकायचं ठरवून बुवांकडे गेलो. पेनड्राइव्ह खिशात होता. सूनबाई चहा ठेवायला आत गेल्या. बुवा पाटीवर लिहून बोलायचे. मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच लिहिलं, "माझो आवाज खंय आसा काय?"

आपला आवाज कुठे उरलाय का, असं ते विचारतील, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रागावतील, तोंड फिरवतील, एवढीच तयारी करून गेलो होतो. हात खिशापाशी गेला. पण त्यांनी त्यांचा आवाज ऐकला असता तर माझाही ऐकला असता.

"नाय बुवा," मी म्हणालो. "तुमी टेप करूक खंय दिलास?"

त्यांनी बाहीने पाटी पुसली. खडू पुन्हा हातात घेतला. मग लिहिलं, "माझां चुकलां." आणि माझ्याकडे बघून हसले, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून.

चहा प्यायलो. कसा प्यायलो ते आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. गेटवरच्या माणसाने वर फोन लावला. बुवा झोपलेत, बसा थोडं, असं सूनबाईंनी सांगितलं. मी बसलो नाही. उठवू नका म्हणून निरोप ठेवला आणि सुटल्यासारखा रस्त्याला लागलो. बुवा गेल्याचा फोन त्याच महिन्यात आला.

पेनड्राइव्ह खरं तर त्यांच्या मुलाला द्यायला हवा. अजून दिलेला नाही. मी ते भजन ऐकतो आणि बुवांचा प्रश्न यायच्या आधी बंद करतो. बंद केलं तरी तो ऐकू येतोच, आणि त्यामागून पाटीवरचा खडू. त्या दिवशी त्यांच्या हातातली पाटी घेऊन एवढंच म्हणायचं होतं: नाय बुवा, तुमचां नाय. माझां चुकलां.