लेकीची पाठ, माझा पाय

जळगाव-धुळे गाडीवर मी कंडक्टर आहे, आणि माणसावर विश्वास ठेवणं माझ्या नोकरीत बसत नाही. पाच वर्षांच्या आतलं म्हणून मांडीवर घेतलेलं पोर खाली उतरवलं की नऊचा पाढा धडाधड म्हणतं. फुकट बसायला निघालेले आबा मोठ्या भावाचं आधार कार्ड पुढे करतात आणि फोटोवर अंगठा दाबून धरतात. एरंडोलला चढलेला माणूस छातीठोकपणे पारोळ्याला चढलो म्हणतो. माझ्या गाडीत हे चालत नाही. पाठीमागे लोक मला फौजदारीण म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत.

त्यामुळे लेकीच्या शाळेचा नवा कुर्ता एका बाजूने आखूड दिसला तेव्हा मी तडक शिंप्याच्या दुकानात गेले. मुलगी आठवीत होती, तेरावं चालू होतं. शिंपीचाचा आमचे वर्षानुवर्षांचे. त्यांनी कुर्ता टेबलावर अंथरला, टेप लावली, दोन्ही बाजू मोजून दाखवल्या. म्हणाले, "वहिनी, कपडा बरोबर आहे. पोरीचा उजवा खांदा वर आहे. एकदा दाखवून घ्या कोणाला." मला वाटलं, स्वतःची चूक माझ्या पोरीच्या अंगावर ढकलतोय. घरी येऊन शिवण उसवली, बोटभर कापड सोडलं आणि हाताने टीप घातली. कुर्ता सरळ दिसायला लागला. मला तेवढंच हवं होतं.

पण डोक्यात किडा वळवळत राहिला. मग मी दप्तरावर आळ घेतला. शाळेत जाऊन बाईंना चार गोष्टी सुनावून आले. शेवटी आमचे हे वैतागले आणि तिला जळगावातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन चला म्हणाले. हे सहसा बोलत नाहीत, म्हणून मी गेले.

डॉक्टरांनी तिला पाय जुळवून पुढे वाकायला लावलं आणि मागे उभं राहून पाठ पाहिली. मग एक्स-रे. मणक्यांची रांग बाजूला वाकलीय, म्हणाले, सत्तावीस अंश, आणि वाकता वाकता पिळवटलीयसुद्धा. पाळी अजून यायची आहे, म्हणजे उंची भराभर वाढणार. छाती-कमरेला घट्ट बसणारा पट्टा करून घ्या, दिवसातला बहुतेक वेळ घालायचा, आणि आत्ताच. मी विचारलं, हे झालं कशाने? ते म्हणाले, "बहुतेक मुलींमध्ये कारण सापडत नाही."

इथे तो डॉक्टर माझ्या तावडीत सापडला. ज्याला कारण माहीत नाही, त्याला इलाज बरा माहीत! शिवाय टेबलाच्या काचेखाली पट्टा बनवणाऱ्याचं कार्ड. म्हणजे साटंलोटं. मी पोरीचा हात धरला आणि उठले. हे मागून फाइल घेऊन आले.

खरं सांगायचं तर माझ्याकडे घरचा इलाज होता. मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. आमच्या शिरपूरकडच्या गावात अशा पोरीला वीज कडकडायला लागली की अंगणात पाऊल टाकू देत नाहीत, ती वीज ओढते म्हणतात. पण कोणाच्या पाठीत उसण भरली की सगळ्यांना तिचीच आठवण येते. दुखणाऱ्याने पालथं पडायचं आणि पायाळूने पाठीवरून तीनदा पाय फिरवायचा. मी चार वर्षांची होते तेव्हापासून गल्ली माझ्या पायाखालून गेलीय. शेजारची काकू उठून बसायची आणि म्हणायची, "पाय नही शे, औषध शे माय. बठ्ठी चमक गई." म्हणजे सगळी उसण गेली. अजूनही आमचा ड्रायव्हर धुळ्याच्या स्टँडवर मागच्या लांब सीटवर पालथा होतो आणि म्हणतो, ताई, जरा पाय लावा. त्याला गुण येतो की नाही हे मी कधी तपासलं नाही. दुसऱ्याचं तिकीट मी दोनदा बघते, माझं स्वतःचं कधी काढलंच नव्हतं.

तर दर रविवारी पोरीचं न्हाणं झालं की मी तिला सतरंजीवर पालथं घालायची. पाठीला तिळाचं कोमट तेल, आणि मानेपासून माकडहाडापर्यंत हलक्या हाताने नव्हे, हलक्या पायाने खाली यायचं. तळव्याला एकेक मणका लागायचा. मी विचारायची, "बरं वाटलं का गं?" ती उशीत तोंड खुपसून म्हणायची, "हो आई, हलकं वाटतंय." माझा जीव भांड्यात पडायचा. मग मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकायला घ्यायची आणि तिच्या ताटात लोण्याचा गोळा जास्त पडायचा.

असे आठ महिने गेले. त्या काळात ती सरसर वाढली, आणि शेवटी पाळीही आली. सलवारची दुमड दोनदा सोडली. दाराच्या चौकटीवर मी तिच्या उंचीची रेघ मारायची, आणि रेघ वर गेली की मला वाटायचं, पाठ सरळ होतेय म्हणूनच पोरगी उंच दिसतेय. यांनी एकदा पट्ट्याचा विषय काढला. मी त्यांना चौकट दाखवली आणि म्हटलं, हा घ्या पट्टा.

एका रविवारी केस धुवायला ती नळाखाली वाकली आणि मी तांब्या घेऊन मागे उभी होते. पाठीची उजवी बाजू भाकरी फुगावी तशी वर आली होती. डावी सपाट होती. मी तांब्याभर पाणी तसंच धरून उभी राहिले. ती म्हणाली, "आई, घाल ना." मी पाणी घातलं. मला भयंकर भीती वाटली.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि तिला घेऊन धुळ्याला गेले. जळगावच्या डॉक्टरांशी कोणाची ओळख नको, म्हणून मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यात. एक्स-रेचा जुना फोटो पिशवीत तळाशी ठेवला, आधी दाखवलाच नाही. म्हटलं, बघू हे काय सांगतात. तिथे डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनीही तसंच पुढे वाकवलं, तसाच फोटो काढला आणि सांगितलं, सेहेचाळीस अंश.

मग मी जुना फोटो काढला. त्यांनी दोन्ही शेजारी लावले. पहिला फोटो भलत्याच मुलीचा असेल, ही माझी शेवटची आशा होती. तिसरीत असताना ही पेरूच्या झाडावरून पडली होती आणि गळ्याजवळचं डावं हासळीचं हाड मोडलं होतं. जुळलेल्या जागी गाठ राहिलीय. मी डोळे बारीक करून शोधली. दोन्ही फोटोंत गाठ होती.

बाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा कणा हातात घेतला. पोटातलं बाळ सगळी पाठ एकाच कमानीत वाकवून असतं, म्हणाल्या. ते मान धरायला लागतं तेव्हा मानेचा बाक तयार होतो, उभं राहायला लागतं तेव्हा कमरेचा. हे पुढचे-मागचे बाक हवेतच. सुरुवातीला तेहेतीस मणके असतात, खालचे नऊ पुढे जुळून त्यांची दोन हाडं होतात. प्रत्येक मणका वरच्या आणि खालच्या तोंडाशी वाढतो. रांग बाजूला कलली की एका बाजूला दाब जास्त पडतो, तिकडची वाढ मागे राहते, मणका पाचरीसारखा होतो आणि रांग आणखी कलते. उंची जितकी भराभर, तितकं हे भराभर. मला चौकटीवरच्या रेघा आठवल्या. मी त्यांच्याकडे पाहूनच खुश होत होते.

मग त्यांनी कमरेच्या हाडाच्या कडेवर आलेली पातळ टोपी दाखवली. ती किती सरकली यावरून वाढ किती उरली ते कळतं. पोरांची वयं मी तोंड बघून ओळखते, पण त्या टोपीपुढे कोणाची थाप चालत नाही.

मी विचारलं, "आठ महिन्यांपूर्वी पट्टा लावला असता तर?"

"बहुधा इथवर आलं नसतं. खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही."

आता ऑपरेशन करावं लागेल, म्हणाल्या. मणक्यांत स्क्रू बसवून सळ्या घालायच्या आणि तेवढे मणके एकमेकांशी कायमचे जोडायचे. तेवढ्या भागात पाठ नंतर वाकणार नाही. मी रविवारच्या पायाचं सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, माझ्या पायाने बिघडलं का? त्या म्हणाल्या, "नाही. पायाने वाकत नाही आणि सरळही होत नाही. वेळ तेवढा गेला." त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. त्या ओरडल्या नाहीत.

लिहिता लिहिता त्यांनी पोरीला विचारलं, "पाठ दुखते का गं?"

"नाही."

"आधी कधी दुखायची?"

"नाही. कधीच नाही दुखली."

त्यांनी ते लिहून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख घेऊन आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत कंडक्टर दुसरा होता. मी नेहमी ज्या सीटांमधून मागेपुढे करते, त्यातल्याच एकीवर पोरीशेजारी बसले. पारोळा मागे पडलं. बारा वर्षं मी माणसांची थाप पकडत आलेय, आणि घरात आठ महिने दर रविवारी मला थाप मारली जात होती. शेवटी विचारलंच.

"दुखतच नव्हतं, तर हलकं वाटतंय असं का म्हणायचीस?"

"तू विचारायचीस म्हणून."

"खरं सांगायला काय झालं होतं?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"रविवारी तेवढी तू कोणावर चिडायची नाहीस, आई."