तुटलेला स्टड
रॉकेलचा वास आला की कल्याणच्या एका डॉक्टरांची जुनी मोटार आठवते. मी तेव्हा पंचविशीतला मेकॅनिक होतो आणि हाताची घमेंड होती. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, धरून ठेवणारे गंजलेले स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, काढून मला नवे बसवायचे होते. सगळे निघाले, एकच हलेना. डॉक्टर म्हणाले, "रात्रभर रॉकेल मुरू दे रे, सकाळी निघेल." ते दवाखान्यात गेल्यावर मी पान्याला लांब पाइप लावून जोर दिला आणि स्टड मधोमध तुटला. आत अडकलेला तुकडा कोरून काढायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दुपारी शहाडच्या पुढच्या एका गावातून माणूस धावत आला, त्याची बायको बाळंतपणात अडली होती. मोटार उघडीच पडलेली, म्हणून डॉक्टर टांग्याने गेले. परतले ते मान खाली घालूनच. "दोघंही गेली. अर्धा तास आधी पोचायला हवं होतं." मग त्यांनी विचारलं, "तो स्टड आपोआपच तुटला ना रे?" मी म्हणालो, "हो डॉक्टर, कुजलाच होता." "मग तुझा काय दोष," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता डॉक्टर नाहीत, तो माणूसही नसेल. खरं ज्यांना सांगायचं होतं त्यांतलं कुणी उरलं नाही, तेव्हा कुठे मला हे लिहायचं धाडस झालं.